आधी सरकारचे, मग माझे : बजेट, वीस तारीख आणि आपण

लेथवाला | ११ मार्च २०२५, रात्री १०:४२

काल राज्याचं बजेट झालं, १ फेब्रुवारीला दिल्लीचं झालं. दोन्ही वेळा आमच्या शेडमध्ये मोबाइलवर भाषण लावलं होतं आणि दोन्ही वेळा शेवटी पोरांनी एकच विचारलं, "मालक, आपल्याला काय?" दोन्ही वेळा मी मशीनचा आवाज वाढल्याचं निमित्त करून उत्तर टाळलं. म्हणून इथे लिहितोय.

मी कोल्हापूरच्या उद्यमनगरात छोटं मशीन शॉप चालवतो. तीन लेथ, एक रेडियल ड्रिल आणि कर्जावर घेतलेलं एक जुनं व्हीएमसी, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणारं मिलिंग मशीन. शिरोलीतल्या एका फाउंड्रीकडून कास्टिंग येतं, आम्ही मशिनिंग करून परत पाठवतो. जॉबवर्क. माल त्यांचा, घाम आमचा.

आता हिशोब बघा. महिन्याचं बिल साधारण ३ लाख. त्यावर १२ टक्के जीएसटी, म्हणजे ३६ हजार. माझा खर्च मुख्यतः मजुरी आणि वीज. मजुरीवर जीएसटी नाही आणि वीज जीएसटीच्या बाहेर, त्यामुळे वजा करायला क्रेडिट (खरेदीवर आधीच भरलेला जीएसटी) मिळतं ते इन्सर्ट, कूलंट आणि किरकोळ दुरुस्तीचं. चार-पाच हजार. उरलेले एकतीस-बत्तीस हजार रोख भरायचे. कधी? पुढच्या महिन्याच्या २० तारखेला. आणि बिलाचे पैसे कधी येतात? नव्वद दिवसांनी. तेही परचेसचे साहेब रजेवर नसतील तर.

म्हणजे महिनाअखेरीला बघितलं तर न आलेल्या पैशावरचा लाखभर रुपये कर मी सरकारला आगाऊ दिलेला असतो. सीसीमधून, म्हणजे बँकेच्या कॅश क्रेडिट कर्जातून काढून. त्याचं व्याज मीच भरतो.

खरी गंमत पुढे आहे. मी रिटर्न भरलं की कंपनी त्या ३६ हजारांचं क्रेडिट घेऊन मोकळी होते. मला पैसे न देता. कायदा त्यांना सांगतो, १८० दिवसांत पैसे दिले नाहीत तर क्रेडिट उलटवा. त्यांना १८० दिवस, मला २० तारीख!

डिसेंबरचा कर भरायला पोरीच्या क्लासच्या फीचे ठेवलेले पैसे वापरले. घरी सांगितलं तेव्हा आमच्या सौ. एवढंच म्हणाल्या, "सरकारला उसने देताय, परत मागायची सोय आहे का?"

कालच्या बजेटात काय मिळालं? ७५०० किलोपर्यंतच्या मालवाहू गाड्यांना किमतीच्या ७ टक्के एकरकमी कर. माल आणायला-पोचवायला छोटा टेम्पो घ्यायच्या विचारात होतो. ६ लाखांची गाडी धरली तर ४२ हजार. एक फेरी मारायच्या आधी. पूरक दस्तांचा स्टॅम्प १०० वरून ५००. साधा करारनामा आणि प्रतिज्ञापत्राचा शंभराचा स्टॅम्प तर गेल्या ऑक्टोबरातच पाचशेचा झाला.

टीव्हीवर सगळे टक्क्यांवर भांडतात. मला टक्क्यांचं काही नाही वाटत, तारखेचं वाटतं. याच्यावर कोण बोलतंय का?

---

पुण्यातला पाव्हणा | ११ मार्च, रात्री ११:१५

भावा, सगळं मान्य. पण एक सांग, माझा कर पगार हातात यायच्या आधीच कापला जातो. मी कधी रडलो का? दहा वर्षं आयटीत काढली, एक रुपया लपवता येत नाही. व्यापाऱ्यांना मात्र सगळीकडून सूट हवी. यंदा १२ लाखांपर्यंत कर नाही म्हणून आमच्यासाठी पहिल्यांदा काहीतरी झालं तर लगेच 'आम्हाला काय' सुरू.

---

लेथवाला | ११ मार्च, रात्री ११:२१

तुझा पगार येतो म्हणून कापला जातो. माझा न आलेल्या पैशावर कापला जातो. फरक एवढाच.

---

काहिल | १२ मार्च, सकाळी ६:५०

पाव्हण्याला सकाळी सकाळी एकच सांगतो. तुझी कंपनी तुला जूनचा पगार सप्टेंबरात देते आणि टॅक्स जुलैत कापते, असं झालं तर तू काय करशील? बिंदू चौकात येशील का नाही?

---

खतावणी | १२ मार्च, सकाळी ९:३०

मी सीए आहे, राजारामपुरीत ऑफिस आहे. जरा दोन्ही बाजू मांडते, नाहीतर हा धागा नुसता धुरळा होईल.

लेथवाले, तुमची उलाढाल वर्षाला ३६ लाखांच्या आसपास दिसते. जॉबवर्क ही सेवा धरतात, त्यामुळे नोंदणीची मर्यादा २० लाख. मालाची ४० लाखांची मर्यादा तुम्हाला लागू नाही. ५ कोटींखाली उलाढाल असेल तर तिमाही रिटर्न भरता येतं. मग पहिल्या दोन महिन्यांचा कर पुढच्या महिन्याच्या २५ तारखेपर्यंत. बिलं दर महिन्याला वेगळी टाकायची सोय आहे, त्यामुळे कंपनीचं क्रेडिट अडत नाही. शिवाय ५० लाखांपर्यंतच्या सेवांना ६ टक्क्यांची कंपोझिशन योजना आहे, म्हणजे उलाढालीवर सरळ ठरावीक कर, क्रेडिट नाही. आयकरात ४४ एडी कलम घेतलंत तर उलाढालीच्या ८ टक्के, डिजिटल जमेवर ६ टक्के नफा धरला जातो. तुमच्या आकड्यांना आयकर लागतच नाही. म्हणजे पाव्हणे म्हणतात त्यात थोडं तथ्य आहे.

पण मुद्दा रोखीचा आहे, तो खरा आहे. त्यावर संध्याकाळी लिहिते. मार्चअखेर चालू आहे, समजून घ्या.

---

लेथवाला | १२ मार्च, दुपारी १:१०

ताई, २० चे २५ झाले. पाच दिवसांत मी काय करणार, अंबाबाईला ओटी भरून येणार. :)

कंपोझिशनचं मी दोन वर्षांपूर्वी विचारलं होतं. परचेसवाले म्हणाले, "मग आम्हाला क्रेडिट मिळणार नाही. क्रेडिट नाही तर काम नाही." शिवाय ते ६ टक्के बिलात लावता येत नाहीत, खिशातून जाणार. आमची मजुरी नगावर ठरते, नगामागे पैशा-पैशावर घासाघीस होते. तिथे ६ टक्के म्हणजे आमचा नफाच.

---

धोटा | १२ मार्च, दुपारी २:४०

इचलकरंजीवरून. आमच्याकडे माझ्यासारख्याला खर्चीवाला म्हणतात. सूत व्यापाऱ्याचं, माग माझा, मजुरी मीटरवर. तुमचं-आमचं दुःख जुळं आहे.

पंचेचाळीस दिवसांच्या कायद्याचं कुणी काढलंच नाही म्हणून सांगतो. २०२३ च्या बजेटात आयकराचं ४३ बी (एच) कलम आणलं. सूक्ष्म-लघु उद्योगाला ४५ दिवसांत पैसे दिले नाहीत, लेखी करार नसेल तर १५ दिवसांत, तर ती रक्कम देणाऱ्याला खर्चात धरता येणार नाही. आम्हाला वाटलं, चला, आमच्या बाजूचं काहीतरी आलं. झालं काय? दुसऱ्याच महिन्यात एक पार्टी म्हणाली, तुझं उद्यम रजिस्ट्रेशन, लघुउद्योगाची सरकारी नोंद, रद्द कर, नाहीतर सूत दुसऱ्याला देतो. आमच्या गल्लीतल्या दोघांनी खरंच रद्द केलं. कायदा आमच्यासाठी, आणि त्या कायद्यात बसू नये म्हणून कागद आम्हीच फाडायचा.

---

खतावणी | १२ मार्च, रात्री ८:०५

धोटा, बरोबर. त्या कलमाला अजून एक भोक आहे. ४५ दिवस उलटले तरी त्याच आर्थिक वर्षात पैसे दिले तर खर्च त्याच वर्षी मान्य होतो. म्हणजे चाप बसतो तो फक्त मार्चअखेर. मोठ्या कंपन्या ३१ मार्चच्या आत लहानांची थकबाकी साफ करतात आणि १ एप्रिलपासून मागचे पाढे पंचावन्न. लेथवाले, या महिन्यात तुमचे पैसे वेळेवर आले असतील.

---

लेथवाला | १२ मार्च, रात्री ८:११

आले! ७ तारखेला डिसेंबर-जानेवारीचे एकदम आले. मी उगाच फाउंड्रीच्या साहेबांना पेढे देऊन आलो.

---

खतावणी | १२ मार्च, रात्री ८:४०

ते पेढे परत मागा. :)

आता रोखीचं. जीएसटीच्या आधी सेवाकर होता, आठवतो? त्यात १ एप्रिल २०१२ पासून एक सोय होती. व्यक्ती किंवा भागीदारी फर्म असेल आणि आदल्या वर्षी करपात्र सेवा ५० लाखांच्या आत असतील, तर त्या मर्यादेपर्यंत कर बिलावर नव्हे, पैसे आल्यावर भरायचा पर्याय मिळायचा. २०१७ ला जीएसटी आला आणि ही सोय गेली. एवढी मोठी गोष्ट गुपचूप गेली, कारण तेव्हा सगळे दराच्या तक्त्यात डोकं घालून बसले होते. मीसुद्धा.

म्हणून मागणी करायची तर 'कर कमी करा' अशी मोघम नको. 'लहान जॉबवर्कवाल्याचा कर पैसे आल्यावर घ्या' अशी करा. पूर्वी याच देशात चालत होतं, अशक्य आहे असं कुणी म्हणू शकणार नाही.

---

तांबडा-पांढरा | १२ मार्च, रात्री ९:२०

मी डबे करते, रोजचे साठ-पासष्ट. नोंदणी नाही, लागत नाही एवढ्यात. पण हे सगळं वाचून हसू आलं. तुम्ही लोक निदान बिल फाडता, क्रेडिट घेता. घरात बसून तेल-डाळ घेणाऱ्याला क्रेडिट कुठलं?

माझा राग वेगळा आहे. आम्हाला बसणारे मोठे फटके बजेटात नसतातच! सप्टेंबर २०२४ मध्ये तेलाच्या आयातीवरचं शुल्क वाढलं. कच्च्या तेलावर साडेपाचाचं साडेसत्तावीस टक्के, रिफाइंडवर साडेतेराच्या आसपासवरून पस्तीसच्या वर. ना भाषण, ना टीव्हीवर चर्चा. सणासुदीच्या तोंडावर एक अधिसूचना. शेतकऱ्यांच्या सोयाबीनला भाव मिळावा म्हणून केलं असं सांगितलं. मिळावा, माझं माहेर शिरोळ तालुक्यातलं आहे, मला कळतं. पण डब्याला तर मी १० रुपयेसुद्धा वाढवू शकले नाही. गिऱ्हाईक पोरं आहेत, शिवाजी विद्यापीठात शिकणारी.

दुसरं, सासू-सासऱ्यांचा मेडिक्लेम. सासरे अडुसष्ट वर्षांचे. हप्ता आधीच आवाक्याबाहेर, त्यावर १८ टक्के. आजारी पडायची भीती ही चैन आहे का?

आणि लाडकी बहीण. मला मिळतात १५००. नको म्हणणार नाही, त्यातून गॅस आणि दुधाचं बिल भागतं. परवाच्या बजेटात ३६ हजार कोटी ठेवलेत म्हणे, कबूल केलेले २१०० मात्र केले नाहीत. पण माझ्या घरात एका हाताने १५०० येतात आणि किती हातांनी जातात, हे कुणी मोजलंय का? मी एक महिना लिहून काढायचं ठरवलंय. चहापत्ती, साबण, मोबाइलचा रिचार्ज, मेडिक्लेमचा बारावा हिस्सा, सगळं.

---

पुण्यातला पाव्हणा | १२ मार्च, रात्री १०:०२

ताई, तुमचं वाचून गप्प बसलो. माझ्या आईच्या पॉलिसीवरपण तेच आहे.

तरी एक विचारतो. लाडकी बहीणचे पैसे कुठून येतात? राज्याची महसुली तूट ४५ हजार कोटींच्या वर आहे. मग टेम्पोवर कर, स्टॅम्पवर कर असं तुकड्या-तुकड्यांनी वसूल करणारच ना. एका हाताने द्यायचं नाही म्हणा, नाहीतर दुसऱ्या हाताने घेतलं तर ओरडू नका.

---

तांबडा-पांढरा | १२ मार्च, रात्री १०:१९

द्या म्हणून मी कधी मोर्चा काढला होता?

---

पायताण | १३ मार्च, सकाळी ११:४५

सुभाषनगरातून. आमच्या घरी तीन पिढ्या चप्पल. वडील अजून कापशी प्रकारची कोल्हापुरी बांधतात, करकर आवाजावरून माल ओळखतात. महाद्वार रोडला भावाचं दुकान, तो कंपोझिशनमध्ये. बेंगळुरूला वगैरे माल मी पाठवते, माझी नोंदणी वेगळी.

दोन गोष्टी. पहिली भाड्याची. १० ऑक्टोबर २०२४ पासून नियम आला की दुकानाचा मालक नोंदणीकृत नसेल आणि भाडेकरू असेल, तर भाड्यावरचा १८ टक्के जीएसटी भाडेकरूने भरायचा. आमचे घरमालक म्हणजे एक म्हातारे काका, त्यांचा जीएसटीशी काय संबंध! रेग्युलरवाल्याला त्याचं क्रेडिट तरी मिळतं, कंपोझिशनवाल्याला शून्य. भावाने तिमाहीच्या चलनासाठी पैसे बाजूला काढून ठेवले होते. शेवटची तारीख १८ जानेवारी. १६ जानेवारीला अधिसूचना आली की कंपोझिशनवाल्यांना यातून वगळलं. दोन दिवस आधी! ज्याने घाईने आधीच भरलं त्याने काय करायचं?

दुसरी गोष्ट जुनी आहे, पण मनातून जात नाही. नोव्हेंबर २०२१ मध्ये एकाच वेळी जाहीर झालं होतं की १ जानेवारी २०२२ पासून कापड ५ चं १२ टक्के आणि हजारापर्यंतची पादत्राणंसुद्धा ५ ची १२ टक्के. धोटा, तुम्हाला आठवत असेल.

---

धोटा | १३ मार्च, दुपारी १२:३०

आठवतंय म्हणजे काय! सुरतपासून इचलकरंजीपर्यंत सगळे पेटले होते. ३१ डिसेंबरला जीएसटी परिषदेची बैठक बसली आणि कापडाचा निर्णय लांबणीवर टाकला. वर्ष संपायला काही तास उरले होते. आम्ही पेढे वाटले.

---

पायताण | १३ मार्च, दुपारी १२:४१

तुम्ही पेढे वाटले आणि दुसऱ्या दिवसापासून आमची चप्पल १२ टक्क्यांवर गेली. त्याच बैठकीत. तुमचं थांबलं, आमचं नाही. हजाराच्या वरच्याला तर आधीपासून १८. हाताने बांधलेली चांगली कापशी हजारात बसते का? ११०० च्या जोडावर १९८ रुपये कर, गिऱ्हाइकाला १२९८. बरोबर १००० ला बसवली तर ११२०. म्हणून मग सोल पातळ करा, वेणी कमी करा, गोंडा काढा. २०१९ ला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालं म्हणून फलक लावले आणि दर असा ठेवला की चांगली चप्पल बांधणं परवडू नये.

मी तुमच्यावर रागावलेली नाही, दादा. पण सुरतेच्या व्यापाऱ्यांचा आवाज दिल्लीला ऐकू जातो. सुभाषनगरातल्या ओट्यावर बसून टाके घालणाऱ्या बायकांचा जात नाही. घर-जागा विकल्यावरच्या कराचं गेल्या जुलैच्या बजेटात तेच झालं. महागाईची वजावट, ते इंडेक्सेशन, काढलं आणि बोंब झाली. लगेच ऑगस्टमध्ये दुरुस्ती, २३ जुलै २०२४ च्या आधी घेतलेल्या जागेला जुना किंवा नवा जो स्वस्त तो कर. ज्यांच्याकडे विकायला जागा आहे, त्यांचं ऐकलं.

---

काहिल | १३ मार्च, दुपारी ३:१५

गुळाचं सांगतो, मग झोपतो, रात्रभर गुऱ्हाळावर होतो. १८ जुलै २०२२ पासून पॅक करून लेबल लावलेल्या गुळावर ५ टक्के. पंचवीस किलोच्या वरचं पॅकिंग सुटतं. आमचा जुना ३० किलोचा रवा, म्हणजे गुळाची ढेप, त्याला कर नाही. अडत्याला रवा दिला की काही नाही. पण माझ्या पोराने डोकं चालवलं, रसायन न घालता गूळ केला, किलोचे खोके केले, वर गावाचं नाव छापलं, की लागला कर. म्हणजे नाव लावलं तर दंड, बिननावाचं विकलं तर सूट. १८९५ ला शाहू महाराजांनी शाहूपुरीची पेठ वसवली ती गुळाचा व्यापार इथे उभा राहावा म्हणून. आता गूळ त्याच बिननावाच्या रव्यात गेला तर पुढं जायचं कसं?

होळीच्या शुभेच्छा सगळ्यांना. पोळीवर गूळ आमचाच खा.

---

पुण्यातला पाव्हणा | १३ मार्च, दुपारी ४:००

काहिल, ५ टक्क्यांत एवढं काय? १०० च्या खोक्याला ५ रुपये.

---

काहिल | १३ मार्च, दुपारी ४:०९

५ रुपये नव्हे. ५ रुपये, सीएची फी, रिटर्न, पोराचा अर्धा दिवस आणि घोडचूक झाली तर लेट फी. खतावणी ताई माफ करा.

---

खतावणी | १३ मार्च, दुपारी ४:३०

माफ केलं. फी कमी करणार नाही. :)

एक दुरुस्ती मात्र गरजेची आहे, कारण पहिल्या पोस्टमुळे लोक घाबरतील. जात, उत्पन्न, रहिवासी वगैरे दाखल्यांसाठी सरकारी कचेरीत द्यायच्या प्रतिज्ञापत्राला स्टॅम्प लागत नाही. साध्या कागदावर चालतं. ५०० चा घ्यायला लावत असतील तर देऊ नका. मुलांच्या प्रवेशाच्या वेळी पालक उगाच रांगेत उभे राहतात.

---

टोलनाका | १३ मार्च, रात्री ९:५५

दोन दिवस वाचतोय. वय झालं, टायपायला वेळ लागतो.

कोल्हापूरच्या टोलच्या आंदोलनात मी होतो. एन. डी. पाटील सर आणि गोविंद पानसरे अण्णांच्या मागे चालत होतो. तेव्हा सोपं होतं असं आता वाटतं. नाका दिसत होता. गाडी थांबायची, हात पुढे यायचा, पैसे मागितले जायचे. राग यायला समोर माणूस असायचा. सगळे पक्ष, रिक्षावाले, बायका, कॉलेजची पोरं एकत्र आली, वर्षानुवर्षं चाललं. अण्णा फेब्रुवारी २०१५ ला गेले, कसे गेले ते सगळ्यांना माहीत आहे. त्याच वर्षाच्या शेवटी टोल गेला.

एलबीटीचंही, म्हणजे स्थानिक संस्था कराचंही तसंच. शटर बंद, मोर्चे, आणि १ ऑगस्ट २०१५ ला पन्नास कोटींच्या आतल्यांचा एलबीटी गेला.

आता तुमचं २० तारखेचं घ्या. नाका कुठे आहे? लेथवाल्याच्या मोबाइलमध्ये. डबे करणाऱ्या ताईंचा नाका तेलाच्या डब्यात. पायताणचा नाका ९९९ आणि १००१ च्या मध्ये. म्हणून माणसं एकत्र येत नाहीत. जो तो आपल्या नाक्यावर एकटा.

धोटा आणि पायताण एकाच जिल्ह्यातले. तीस किलोमीटरचं अंतर नाही. ३१ डिसेंबर २०२१ ला एकमेकांना ओळखत असता तर निवेदनात कापडाच्या पुढे चप्पल लिहिली गेली असती का नसती? एवढंच विचारतो.

---

धोटा | १३ मार्च, रात्री १०:२०

टोलनाका काका, लाजवलंत. खरंय. आम्ही चप्पलेचं नावसुद्धा घेतलं नव्हतं.

---

अॅडमिन | १५ मार्च, दुपारी १२:००

पक्षांची नावं घेऊन लिहिलेले सहा प्रतिसाद उडवले आहेत. धुळवडीचा रंग इथे नको. विषयावर बोला.

---

तांबडा-पांढरा | १४ एप्रिल, रात्री ९:४०

महिनाभर लिहिलं. वहीचा फोटो टाकता येत नाही इथे, म्हणून सांगते. नोंद ठेवता आली तेवढ्या बिलांवरचा जीएसटी, मेडिक्लेमचा महिन्याचा हिस्सा धरून, १५०० च्या पुढे गेला. त्यात पेट्रोलवरचा कर नाही, तेलाच्या आयातीचा नाही. चूक असेल तर खतावणी ताईंनी सांगावं, वही घेऊन येते. ८ तारखेपासून गॅस ५० रुपयांनी वाढला, तो पुढच्या वहीत.

---

लेथवाला | २३ सप्टेंबर २०२५, रात्री ११:०५

धागा वर काढतोय. काल घटस्थापना, आणि कालपासूनच जीएसटीचे नवीन दर. टीव्हीवर बचत उत्सव. आमच्यासारख्या, इतर कुठल्या यादीत न बसणाऱ्या जॉबवर्कचा दर १२ वरून १८. तीन लाखांच्या बिलावर ३६ चे ५४ हजार.

कंपनीला काही फरक नाही, त्यांना सगळं क्रेडिट. मला परचेसवाल्यांनी फोन करून अभिनंदन केलं, "आता तुमचं बिल मोठं झालं." क्रेडिट माझं तेच चार-पाच हजार, त्यातही काही गोष्टी स्वस्त झाल्या म्हणून कदाचित अजून कमी. मार्चमध्ये लाखभर अडकायचे, आता दीड लाख अडकणार. पैसे तेच नव्वद दिवसांनी.

टेम्पो घेतला नाही. शेजारच्याचा भाड्याने वापरतोय.

---

पायताण | २३ सप्टेंबर, रात्री ११:३०

मला तुमच्यासमोर सांगायला कसंतरी वाटतं, पण आमचं २५०० पर्यंत ५ टक्के झालं. ११०० ची कापशी ११५५ ला. कालपासून दुकानात देवीची गर्दी आहे, भावाला जेवायला वेळ नाही. वडिलांनी गोंडा परत लावायला घेतला.

जवळजवळ पावणेचार वर्षं लागली. त्यात किती जणांनी धंदा सोडून एमआयडीसीची वाट धरली ते मोजत बसत नाही.

---

तांबडा-पांढरा | २४ सप्टेंबर, सकाळी ७:१५

घरच्या मेडिक्लेमवरचा जीएसटी शून्य झाला. मान्य करायला हवं, चांगलं झालं. कंपन्या मूळ हप्ता किती वाढवतात ते पुढच्या नूतनीकरणाला बघू. लेथवाले दादा, तुमचं वाईट वाटलं. मार्चमध्ये तुम्ही सुरू केलंत आणि तुम्हीच राहिलात.

---

पुण्यातला पाव्हणा | २४ सप्टेंबर, सकाळी १०:४०

मी मार्चमध्ये जे बोललो त्यातलं अर्धं मागे घेतो. उरलेलं अर्धं दिवाळीला आल्यावर समोरासमोर.

पण हे बजेटात नव्हतं, परिषदेत झालं. मग विरोध करायचा कुणाला?

---

खतावणी | २४ सप्टेंबर, दुपारी १:००

३ सप्टेंबरच्या ५६ व्या बैठकीत ठरलं. परिषदेत मतांचं वजन केंद्राचं एक तृतीयांश, सगळ्या राज्यांचं मिळून दोन तृतीयांश, आणि ठरावाला तीन चतुर्थांश लागतात. म्हणजे केंद्र एकटं करू शकत नाही आणि राज्यंही एकटी करू शकत नाहीत. आपल्या राज्याचा मंत्री तिथे बसतो. त्याला कागद जायला हवा, आपल्या आमदारांच्या हातून.

मी मसुदा केलाय. दीड पान. दोनच मागण्या. एक, ५० लाखांच्या आतल्या जॉबवर्कचा कर पैसे आल्यावर. दोन, लहानाचे पैसे दिल्याशिवाय मोठ्याने क्रेडिट घ्यायचं नाही. १८० दिवस वगैरे काही नाही. दर कमी करा असं एकदाही लिहिलेलं नाही. धोटा, पायताण, काहिल, तुमचा एकेक परिच्छेद हवा.

---

काहिल | २४ सप्टेंबर, दुपारी १:२२

माझं लेबलचं यात बसत नाही. तरी सही करतो. पुढच्या वेळी माझं घ्या.

---

धोटा | २४ सप्टेंबर, दुपारी २:०५

इचलकरंजीतून चाळीस सह्या आणतो. या वेळी चपलेचा परिच्छेद आमच्या वर घाला.

---

पायताण | २४ सप्टेंबर, दुपारी २:१८

आमचं काम झालंय, वर लेथ घाला. दसऱ्यानंतर भेटूया, तोपर्यंत दुकानातून हलता येत नाही. झेरॉक्स किती काढू?

---

टोलनाका | २४ सप्टेंबर, सायंकाळी ६:३०

शंभर काढ. आणि एक जास्तीची, पोच घ्यायला. त्यावर शिक्का आणि तारीख मागायची, आवक क्रमांकासकट. तारखेशिवाय शिक्का मारला तर तिथेच बसायचं.

---

लेथवाला | २४ सप्टेंबर, रात्री १०:५०

जूनच्या बिलाचे पैसे आज आले. त्याचा कर जुलैत भरून झालाय. उद्या ऑगस्टच्या बिलासाठी फोन करणार होतो, परचेसचे साहेब नवरात्रात रजेवर आहेत.

एकशे एक झेरॉक्सचे पैसे माझ्याकडून.